जॉन्सन चहाला गेलाय

कारेगाव
गुरुवार, दुपार

प्रिय जॉन्सन,

सलाम. आधी एक लिहून टाकते. कोणी गेलेलं नाही, कोणाचा अपघात झालेला नाही, तेव्हा पाकीट फोडल्या फोडल्या शेवटच्या पानावर उडी मारू नकोस. तुझी खोड मला माहीत आहे. मी लग्न होऊन आले तेव्हा तू सहावीत होतास, धड्याखालचे प्रश्न आधी वाचायचास आणि मग धडा वाचायचा कंटाळा करायचास. हे पत्र मात्र पहिल्यापासून वाच, वहिनीसाठी एवढं कर. तुझा जुना नंबर लागत नाही. नवा शोधला असता तर मिळाला असता, पण हे फोनवर बोलण्यासारखं नाही. तुझे दादा हल्ली दिवसभर माझ्या आजूबाजूला असतात, फोन वाजला की कोणाचा, कशाला, काय म्हणतो, सगळं विचारतात. आज एमआयडीसीची सुट्टी, शॉप बंद आहे, ते वरच्या खोलीत जेवून पडलेत, म्हणून खाली ऑफिसात येऊन लिहायला बसले. पत्र पोपटराव टेम्पोवाल्यांच्या हाती देतेय. शनिवारी त्यांची दौंडची खेप असते. तुझ्या आयटीआयच्या फाटकावर थांबा, त्याच्याच हातात द्या, वॉचमनकडे ठेवू नका, असं त्यांना बजावलंय. त्यावर म्हणतात, "वैनी, मी काय पोस्टमन हाय व्हय?" पण देतील. माणूस चांगला आहे.

तू कसा आहेस? पोरांना चांगलं शिकवतोस असं पास्टर सांगत होते, म्हणजे हाताखालच्यांवर ओरडायची सवय कुठेतरी कामी आली. लग्नाचं विचारत नाही, विचारलं की तू पुढचं वाचणार नाहीस. आपली लेक प्रिन्सी नाशिकला बरी आहे, तिचे दिवस भरत आलेत, डॉक्टरांनी प्रवास बंद केलाय. तिला मी यातलं काहीच सांगितलेलं नाही. तिला सांगून ती तिकडे रडणार आणि मी इकडे, त्यात कोणाचं भलं?

आता मुद्द्याचं. माझा जीव टांगणीला लागलाय, जॉन्सन. रांजणगावातली आपली ती मोठी कंपनी, जिच्या पत्र्याच्या भागांवर आपलं प्रेस शॉप चालतं, तिनं यंदा सगळ्या छोट्या सप्लायरांना एक नवीन काम लावलं. प्रत्येकानं आपल्या धंद्याचं मॉडेल करायचं. मला वाटलं, शाळेच्या प्रदर्शनात ठेवतात तसं पुठ्ठ्याचं काहीतरी. हसू नकोस, तुझ्या दादांनाही तेच वाटलं, त्यांनी तर मला पुठ्ठाही काढून ठेवायला सांगितला. पण तसं नसतं. आपल्याकडे काम येतं कुठून, कोण काय करतं, कोणाला विचारून करतं, ड्रॉइंग बदललं तर ते कोणाला आधी कळतं, माल अडला की कोण सोडवतं, हे सगळं एका मोठ्या कागदावर मांडायचं. कंपनीचं म्हणणं असं की तुमच्याकडचा एक माणूस तापानं पडला की आमची अख्खी लाइन बंद पडते, तेव्हा तुमचा धंदा कोणाच्या जिवावर उभा आहे ते आम्हाला दिसू दे. म्हणणं काही खोटं नाही. पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी त्यांची माणसं येणार, भिंतीवरच्या कागदासमोर उभी राहणार आणि कागदावर ज्याचं ज्याचं नाव आहे त्याला बोलावून विचारणार. कागद आणि शॉप जुळलं तर काम चालू. नाही जुळलं तर प्रेसवरचे साचे, म्हणजे सगळ्या डाय, उचलून दुसऱ्याकडे. डाय त्यांच्याच मालकीच्या, तुला माहीत आहे, एक ट्रक लावला की खेळ खलास. डाय गेल्या की आपल्याकडे उरतात नुसते प्रेस आणि रिकामी फरशी. आणि तुझे दादा. त्या फरशीवर ते दिवसभर काय करतील?

हे करून घ्यायला कंपनीनं सायली नावाची एक मुलगी पाठवली. न्हावऱ्याची आहे, घरी ऊस, वडील सोसायटीवर. इंजिनिअर होऊन आता छोट्या धंद्यांची अशी चित्रं काढत फिरते. आली ती सरळ पॅकिंगच्या टेबलाशी गेली आणि मुक्ताबाईच्या डब्यातली चटणी मागून खाल्ली, त्यामुळे शॉपवर सगळ्यांना पटली. मग भिंतीवर पडदा लावावा तसा भलामोठा खाकी कागद चिकटवला आणि सगळ्यांना रंगीत चिठ्ठ्या वाटल्या. पिवळ्या चिठ्ठीवर काम लिहायचं, गुलाबीवर माणसाचं नाव, निळीवर माहिती, म्हणजे ड्रॉइंग, फोन, व्हॉट्सअॅपवरची ऑर्डर असलं काही. मधे पेनानं बाण काढायचे. नियम एकच, जो काम करतो त्यानंच चिठ्ठी लावायची, मालकानं दुसऱ्याची लावायची नाही. आणि कसं व्हायला पाहिजे ते सांगायचं नाही, कसं होतं ते सांगायचं. "आहे तसं" हा पहिला कागद. "हवं तसं" हा दुसरा, तो नंतर.

तुला आत्ता काय आठवलं असेल ते मला इथे बसून कळतंय. पुण्याचा कोर्स करून आलास आणि खडूनं शॉपच्या फरशीवर चौकोन काढलेस, बाण काढलेस, सगळे बाण जिथे येऊन मिळाले तिथे गोल करून आत "दादा" लिहिलंस. आणि सगळ्या पोरांसमोर म्हणालास की एका माणसाच्या डोक्यावर एवढं ओझं ठेवायचं नसतं, सेटिंगा लिहून काढू, मी बघतो. तू प्रेमानं म्हणाला होतास. पण तुझी वेळ चुकली, सगळ्यांसमोर बोललास. दादांनी रॉकेलचा बोळा घेतला, गुडघ्यावर बसून ते सगळं पुसलं आणि म्हणाले, धंदा डोक्यात असतो, फरशीवर नसतो. तू निळा एप्रन खिळ्याला अडकवलास आणि गेलास. त्यानंतर ना नाताळाला आलास, ना प्रिन्सीच्या लग्नाला. आणि या बाजूला दादांनी तुझं नाव घेणं सोडलं. दोघांच्या मधे मी. कोणाला बोलावं आणि कोणाला समजवावं?

म्हणून सायलीनं तो कागद लावला तेव्हा मी देवाचं नाव घेऊन दारात उभी राहिले. म्हटलं आता हिला हाकलतात. पण नाही. ते समोरच्या स्टुलावर बसले, चष्मा पुसला आणि आपल्या वाट्याच्या चिठ्ठ्या मागून घेतल्या. एका अक्षरानं वाद घातला नाही. मला खरं तर बरं वाटायला हवं होतं. पण तू त्यांना ओळखतोस. तुझ्या दादांनी कोणाचं एवढं निमूट ऐकलंय कधी?

त्याआधीही एकदोन गोष्टी झाल्या होत्या, त्या मी हसण्यावारी नेल्या होत्या. पुण्याहून गाडी घेऊन येताना कोरेगाव भीमाला थांबले आणि तिथून मला फोन केला की इथून कुठे वळायचं. मी म्हटलं, वळायचं कुठे, नाकासमोर या की. तर म्हणाले, रस्त्याचं काम चाललंय, पाट्या बदलल्यात. असेल बाबा, त्या रस्त्याचं काम कधी संपलंय? मग एका रविवारी शिरूरच्या चर्चमध्ये, जिथे ते लहानाचे मोठे झाले, गीताच्या मधेच मला कानात विचारलं, आपण कोणाकडे आलोय? मी चिमटा काढला. मला वाटलं थट्टा करतायत.

तर चिठ्ठ्या. प्रत्येकानं आपापलं लावलं. दत्तानं मोठ्या प्रेसवरचं लावलं. मुक्ताबाईला लिहिता येतं पण ती लाजते, तिनं सांगितलं आणि मी लिहिलं, तपासणी, मोजणी, पॅकिंग. मी लावलं बिलं, बँक, चहापाणी आणि सगळ्यांच्या शिव्या खाणं. ते शेवटचं सायलीनं खरोखर ठेवून दिलंय. हळूहळू कागद भरला. एक पिवळी चिठ्ठी मात्र एकटीच राहिली, डाय सेटिंग. सायली म्हणाली, हे कोण करतं? दत्तानं मान खाली घातली. मुक्ताबाईला अचानक खोकला आला. सायलीनं परत विचारलं, तर तुझे दादा उठले, गुलाबी चिठ्ठीवर काहीतरी लिहिलं, लावली आणि हात धुवायला गेले. तेवढ्यात जेवणाची सुट्टी झाली आणि कोणी ती वाचली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सायली प्रत्येकाशी पाच-पाच मिनिटं बोलायचं म्हणून टॅब घेऊन फिरत होती. माझ्याकडे आली आणि म्हणाली, "ताई, जॉन्सन सर कुठं बसतात?"

मी कागदाजवळ गेले. डाय सेटिंगच्या शेजारी, दादांच्या त्या उभ्या अक्षरात, जॉन्सन. मी काही बोलायच्या आत मागून दादाच म्हणाले, "चहाला गेला असेल चौकात, हौसरावाकडे. त्याला वेळेचं भान नसतं. आला की तुमच्याकडे पाठवतो." अगदी रोजच्या आवाजात, जसं ते तुझ्याबद्दल बोलायचे तसं, थोडं वैतागून. मग दत्तानं प्रेस चालू केला, एरवी सांगूनही लवकर चालू करत नाही तो.

सायली हुशार आहे. तिनं त्या वेळी काही विचारलं नाही. दिवसभर नुसती एका कोपऱ्यात उभी राहून कोण कुठून कुठे जातं ते बघत राहिली आणि कागदावर बारीक बारीक बाण काढत राहिली. तुला आपली पद्धत आठवत असेल. डाय बसवली की पहिला पीस दादांकडे न्यायचा. ते कडेवरून अंगठा फिरवणार, धार लागली तर डाय परत बसवायची, नाही लागली तर म्हणणार "चालव". त्यांच्या अंगठ्याशिवाय आपल्याकडे एकही लॉट सुटला नाही कधी. आजही तसंच चालतं. पोरं पीस घेऊन जातात, दादा अंगठा फिरवतात, "चालव" म्हणतात. पण तिथून तो पीस प्रेसवर जातच नाही. तो मुक्ताबाईच्या टेबलावर जातो, तिथून पत्र्याच्या मागून, पाण्याच्या टाकीला वळसा घालून दत्ताकडे, दत्ता डाय परत बसवतो, आणि मग कुठे काम सुरू होतं. सायलीनं मुक्ताबाईला विचारलं, एवढा वळसा का? तर ही बाई म्हणते, "तिकडनं सावली असती, बाय." या उन्हात कोणालाही पटावं असं उत्तर. सायलीला पटलं नाही.

संध्याकाळी दादा वर गेल्यावर मी दत्ता आणि मुक्ताबाईला समोर बसवलं आणि खरं काय ते सांगा म्हटलं. दत्ता म्हणाला, "ताई, गेल्या दिवाळीपास्नं सायेब सगळ्यालाच चालव म्हंत्यात. धार आसू दे न्हाई तर नसू दे. अंगठ्याला रगत आलं तरी चालव." मी म्हटलं, अरे मग मला सांगायचं नाही? आणि त्यांना विचारायला तरी कशाला जाता रोज? यावर मुक्ताबाई काय म्हणाली ते जसंच्या तसं लिहिते. "इचारायचं थांबीवलं तर त्यान्ला कळंल की वो ताई. आमी आधी त्यान्ला इचारतो, मंग नीट करतो." सगळं शॉप महिनोन्महिने हे करत होतं. बिहारची पोरंसुद्धा. नवा माणूस आला की त्याला पहिल्या दिवशी शिकवायचे, पहले साहब से पूछने का, बाद में पीछे से जाने का. मी रडले रे. ऑफिसात बसून बिलं करणारी मी, माझ्या नाकासमोरून ते पीस जात होते, आणि मला वाटत होतं सावलीतून जातायत.

मग दादांना पुण्याला नेलं. मोठे डॉक्टर, मेंदूचे. फोटो काढले, त्यांना कागदावर घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं, वारांची नावं उलटी विचारली. तेवढ्या वेळात मला बाहेर बसवेना आणि आतही बघवेना. डॉक्टर म्हणाले, विसरण्याचा आजार आहे, सुरुवात होऊन बरेच दिवस झाले असावेत. औषधानं वेग कमी होईल, मागे फिरणार नाही. ओळखीचं काम, ओळखीची जागा, ओळखीची माणसं, यात जितकं ठेवाल तितकं बरं राहतील. अलीकडचं आधी जातं, जुनं उशिरा जातं, असंही म्हणाले. येताना गाडीत दादा खिडकीबाहेर बघत होते. कारेगाव आलं तर म्हणाले, हे कुठलं गाव, बरंच वाढलंय.

तरी मी प्रयत्न केला. म्हटलं कंपनीच्या माणसांसमोर नसलेल्या माणसाचं नाव नको. ते आंघोळीला गेले असताना तुझी चिठ्ठी काढली आणि दत्ताची लावली. खाली आले, कागदासमोर उभे राहिले, आणि असे भडकले म्हणून सांगू! जुना आवाज, जुना संताप, मला भीती वाटायच्या ऐवजी आधी बरंच वाटलं. माझ्या भावाची चिठ्ठी कोणी काढली? दत्ता प्रेस चालवेल की सेटिंग करेल? दोन्हीकडे एक माणूस उभा कसा राहील, अक्कल आहे का कोणाला? आणि नवी चिठ्ठी लिहून लावली. मी दत्ताकडे बघितलं. दत्ता म्हणाला, "सायेब बराबर बोलत्यात, ताई. माझ्यानं दोन्ही व्हत न्हाई. आत्ता कसंबसं करतोय." म्हणजे बघ. कागदावरचं सगळं खरं आहे, चूक कशातच नाही. फक्त त्या एका ठिकाणी माणूस नाही.

दुसरा कागद, हवं तसं, त्यात कंपनीची अट होती की मालकाच्या प्रत्येक निर्णयाशेजारी दुसरं नाव पाहिजे. ड्रॉइंग बदललं तर दादा, आणि ते नसले तर? माल परत आला तर दादा, आणि ते नसले तर? सायली विचारत गेली आणि तुझे दादा प्रत्येक वेळी म्हणत गेले, जॉन्सन आहे की. जॉन्सन आहे की. शेवटी तर हसून म्हणाले, पोरी, एकदाच लिही ना, परत परत काय विचारतेस. सायली मला बाहेर घेऊन गेली, टाकीपाशी, त्याच सावलीत. म्हणाली, ताई, हे जॉन्सन सर खरे आहेत का? मी म्हटलं, खरे आहेत, माझ्या हातचं खाऊन मोठे झालेत, दौंडला आयटीआयवर शिकवतात. डॉक्टर काय म्हणाले तेही तिला सांगितलं. ती म्हणाली, सरांच्या आजाराचं मी कंपनीला सरळ सांगणार आहे, लपवून चालायचं नाही. आजारी माणूस असला तरी त्यांची हरकत नसते, त्याच्या जागी कोणीच नसलं तर असते. मग टॅब बंद केला आणि म्हणाली, "मग बोलवा की." जसं काही तू पलीकडच्या शेडमध्ये आहेस. शनिवारी तिला कागद पाठवायचे होते. मी म्हटलं, पाठव, आहेत तसे पाठव. ते गेले. आता कंपनीकडे जो कागद आहे त्यावर ठिकठिकाणी तुझं नाव आहे, आणि त्या सोमवारी ती माणसं येऊन विचारणार, यातले जॉन्सन कोण? तुला न विचारता मी हे केलं, आणि विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास, म्हणूनच केलं.

एक मात्र तुला कळलंच पाहिजे. कागद पूर्ण झाला त्या दिवशी सायलीनं दादांना विचारलं, कसं वाटतंय? ते कागदाजवळ जाऊन म्हणाले, "छान आहे. पण नवीन नाही. आमच्या जॉन्सननं हे सगळं आधीच काढलंय, खडूनं, इथं खाली फरशीवर. याच्यापेक्षा चांगलं होतं. सगळ्यांना बोलावून दाखवलं होतं त्यानं." आणि खाली वाकून फरशीवर जागा दाखवली. अगदी बरोबर जागा. सायलीनं विचारलं, मग त्याचं काय झालं? दादा गोंधळले. इकडे तिकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाले, "काय गं, कोणी पुसलं काय?" मी म्हटलं, धुतली असेल फरशी कोणीतरी. यावर त्यांना वाईट वाटलं. खडूनं काढायला नको होतं, पेंटनं काढायला हवं होतं, असं दिवसभर म्हणत होते.

तर जॉन्सन, हे पत्र मी तुला दादांच्या आजाराची बातमी द्यायला लिहिलेलं नाही, आणि कंपनीसाठीही नाही. येशील तर कसा येशील, ते सांगायला लिहिलंय. तुला वाटत असेल, दादांनी एकदा म्हणावं की माझं चुकलं. तो तुझा हक्क आहे, मी नाही म्हणत नाही. पण ते भांडण त्यांच्याकडे आता उरलेलंच नाही. फक्त तुझ्याकडे आहे. तू येऊन जुनं काढलंस, किंवा पाया पडून माफी मागितलीस, तरी त्यांना ते पहिल्यांदाच कळेल की आपणच ते पुसलं आणि आपला भाऊ इतकी वर्षं घरात नव्हता. ते त्यांना कळू देऊ नकोस, मी तुझ्यापुढे पदर पसरते. गळ्यात पडू नकोस, रडू नकोस, किती वाळलात म्हणू नकोस. आयटीआयची नोकरी लगेच सोड असंही म्हणत नाही. रजा काढ, आधी त्या सोमवारपुरता ये, पुढचं तू आणि मी बसून बघू. शॉपवर सगळ्यांना सांगून ठेवलंय, कोणी तुझ्याकडे टक लावून बघणार नाही. मुक्ताबाई बघेल, तिचा इलाज नाही. तुझा निळा एप्रन मी धुऊन त्याच खिळ्याला अडकवलाय. आत यायचं, तो घालायचा आणि पहिला पीस दादांच्या हातात द्यायचा. ते अंगठा फिरवतील आणि चालव म्हणतील. मग तू मागून टाकीकडून जा आणि नीट कर. आणि एक, दादा बोलतील, एवढा वेळ लागतो का चहाला म्हणून. ऐकून घे. येताना चौकात हौसरावाकडे थांबून त्यांच्यासाठी चहा घेऊन ये, बिनसाखरेचा, म्हणजे उशीर का झाला ते तुला सांगावं लागणार नाही.

वाट बघणारी
तुझीच
कृपावहिनी